शोकेसमधला हिटलर

वहिनींचा फोन भर दुपारी आला की समजायचं, विषय दादाच्या कानावर घालायचा नाहीये.

"भावजी, तुमचं वाचन आहे म्हणून विचारते. घरात हिटलरचं पुस्तक असलं तर काही होतं का हो?"

"काही म्हणजे?"

"म्हणजे पोलीसबिलीस."

पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची खोली आवरताना वहिनींना 'माइन काम्फ' सापडलं. या वयाच्या मुलाच्या खोलीत काय काय निघू शकतं याची यादी प्रत्येक आईने मनाशी करून ठेवलेली असते: सिगारेटचं पाकीट, लपवलेली मार्कशीट, एखादीने दिलेलं ग्रीटिंग. कशावर काय बोलायचं हेही ठरलेलं असतं. हा चौकोनी मिशीचा गृहस्थ यादीत नव्हता. वहिनींनी आधी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की उघडं पुस्तक लोक नुसतं बघतील, पण कव्हर घातलेलं उघडून बघतील. कव्हर काढलं. शेवटी हॉलमधल्या शोकेसमध्ये त्यांनी ते 'गीतारहस्य' आणि 'श्यामची आई' यांच्या मधे सारलं. सज्जनांच्या संगतीत खपून जाईल, हा हिशेब.

पण रविवारी पुतणीला बघायला मंडळी यायची होती, आणि मुलाचे वडील निवृत्त डीवायएसपी.

"त्यांनी शोकेस बघितली तर?"

"वहिनी, ते पोह्यांकडे बघतील."

"पोलीस आहेत ते. आधी शोकेसच बघतील."

वहिनींना कल्पना नव्हती, पण त्या फळीवर त्यांनी तुरुंगातल्या लेखकांचं संमेलनच भरवलं होतं. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आणि मधल्या गृहस्थाने आपल्या पुस्तकाचा पहिला भाग १९२४ साली लांड्सबर्गच्या तुरुंगात उरकला. टिळकांचा गुन्हा अग्रलेखांचा. शिक्षा काळ्या पाण्याची, सहा वर्षं. हिटलरचा गुन्हा सशस्त्र उठावाचा, ज्यात चार पोलीस मारले गेले. शिक्षा पाच वर्षं, आणि एप्रिलमध्ये शिक्षा झालेला हा कैदी नाताळच्या आत घरी. आतही भेटीला येणाऱ्यांची रीघ, खाऊचे डबे, टाइपरायटर. तुरुंगात माणूस सुधारतो की नाही हे तुरुंगापेक्षा माणसावर अवलंबून असावं, एवढंच त्या फळीकडे बघून म्हणता येतं.

वहिनींच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवं होतं. पोलिसांचं आधी बघू.

हिटलरच्या पुस्तकावर भारतात बंदी नाही. तसं असतं तर फ्लोरा फाउंटनपासून अप्पा बळवंत चौकापर्यंतचे निम्मे पुस्तकवाले आत गेले असते. पदपथावर ताडपत्री अंथरून बसलेला कुठलाही विक्रेता बघा. 'रिच डॅड पुअर डॅड', 'द सीक्रेट', 'द अल्केमिस्ट', आणि त्यांच्या शेजारी हा. प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टणात, मुखपृष्ठावरचा लाल रंग इतका ताजा की बोटाला लागावा, आणि आतली छपाई अशी की प्रत्येक ओळीच्या मागे तिचंच भूत उभं. मी एकाला विचारलं, "कोण घेतं हो हे?" तो म्हणाला, "कॉलेजची पोरं. आणि एमपीएससीवाले. श्रीमंत कसं व्हायचं घेतात ना, तेच हेपण घेतात. दोन घेतली तर कमी करू." २००९ च्या सुमारास विलायती वर्तमानपत्रांनी बातमी दिली होती, की भारतातले मॅनेजमेंटचे विद्यार्थी हे पुस्तक व्यवस्थापनाचे धडे म्हणून वाचतात. हजार वर्षं टिकेल असं भागधारकांना सांगितलेली कंपनी बारा वर्षांत बुडाली, मुख्य कचेरी तळघरात हलवावी लागली आणि मॅनेजिंग डायरेक्टरने तिथेच स्वतःला संपवलं. हे धडे कोणत्या पेपरला येतात कोण जाणे.

घरात पुस्तक सापडणं या विषयावर आपल्या न्यायालयांनी बराच खल केलेला आहे. २०११ साली डॉ. बिनायक सेन यांच्या जामिनाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं, की एखाद्याच्या घरी गांधीजींचं आत्मचरित्र सापडलं तर तो गांधीवादी ठरतो का. उत्तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ज्या घरात 'रुचिरा' आहे त्या घरात जेवण बरं मिळेलच असं कुठे आहे? पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये एल्गार परिषदेच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात एका आरोपीला 'वॉर अँड पीस' घरी का ठेवलं असं विचारल्याची बातमी आली आणि एका रात्रीत देशभर टॉलस्टॉयचे एवढे वाचक निघाले, की तेवढे त्याला रशियात मिळाले नसतील. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला, की विषय जंगलमहालातल्या माओवाद्यांवरच्या, तशाच नावाच्या दुसऱ्या पुस्तकाचा होता. टॉलस्टॉय सुटला. त्या खटल्यात इतरही आरोप होते. पण २०२३ च्या जुलैत दोन आरोपींना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलं, की हिंसेला चिथावणी देणारं साहित्य असलं तरी ते नुसतं जवळ बाळगणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. चांगला निकाल आहे. फक्त तोवर त्या दोघांची पाच वर्षं आत गेली होती. तेवढ्यात 'वॉर अँड पीस' अगदी सावकाश, पात्रांच्या नावांचा तक्ता करून, वाचून होतं.

जर्मनीतही जुनी प्रत विकणं गुन्हा नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच सांगून टाकलं आहे. ब्रिटनचा २००० सालचा दहशतवादविरोधी कायदा थोडा वेगळा आहे. तिथे बॉम्ब कसा करावा याची कृती घरात सापडली तर पंचाईत होते. तेही रास्त वाटतं. विचार आणि कृती यांतला हा फरक वहिनींना सांगितला, तर त्या म्हणाल्या, "पोलिसांचं कळलं. पण हे वाचून मुलगा बिघडला तर?"

हा प्रश्न जास्त अवघड. त्यात मुलगा ते वाचणार असं गृहीत धरलं होतं.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि पुस्तक शोकेसमधून काढलं. पहिल्या चाळीस पानांच्या आत कुठेतरी मेट्रोचं तिकीट खुणेला घातलेलं होतं. त्याच्या पुढची पानं एकमेकांना अजून चिकटलेली.

"काका, खरं सांगू? फार बोर आहे," पुतण्या म्हणाला.

"मग घेतलंस कशाला?"

"हॉस्टेलवर सगळ्यांकडे आहे."

"त्यांनी वाचलंय?"

"छे!"

पोराचं काही चुकलेलं नाही. हिटलरने या पुस्तकाला आधी जे नाव योजलं होतं, त्याचा मतलब असा: असत्य, मूर्खपणा आणि भ्याडपणा यांच्याविरुद्धचा साडेचार वर्षांचा लढा. माक्स आमान या त्याच्या प्रकाशकाने त्यातला बहुतेक भाग छाटला आणि दोन शब्द ठेवले. मराठी प्रकाशकही एवढी निर्दय कात्री चालवत नाही. दुर्दैव असं, की कात्री शीर्षकापाशीच थांबली. पुढची पावणेआठशे पानं तशीच राहिली. त्यांत काय नाही? शाळेत मुलांना मुष्टियुद्ध का शिकवावं यावर विवेचन आहे. गुप्तरोगावर पानंच्या पानं आहेत. म्युनिकमध्ये रविवारी सकाळी दहाला सभा ठेवली तर श्रोते कसे थंड पडले आणि तेच भाषण संध्याकाळी कसं रंगतं, याची तक्रार आहे. ही तक्रार मात्र कुठल्याही गावच्या व्याख्यानमालेच्या कार्यवाहाला पटेल. आणि या सगळ्यामधून, दर दोन-चार पानांनी, जगातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर ज्यूंवर. व्हिएन्नात भाव मिळाला नाही, ज्यू. युद्ध हरलो, ज्यू. वर्तमानपत्रं वाईट, नाटकं वाईट, ज्यू. हे वाचताना हसू येतं, पण ते टिकत नाही, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक असतं.

१९२५ च्या जुलैत पहिला भाग निघाला तेव्हा खप बेताचाच होता. लेखक १९३३ मध्ये सत्तेवर आला आणि एका वर्षात खप लाखांवर गेला. स्वतःच्या पुस्तकाला ग्राहक मिळवण्याचा हा मार्ग मराठी लेखकांना अजून सुचलेला नाही. मानधन एवढं मिळालं, की चार लाख मार्कांहून अधिक आयकर थकला, आणि मग चान्सलरसाहेबांचा आयकर माफ झाला. १९३६ पासून अनेक नगरपालिका नवदांपत्याला विवाह नोंदणीच्या वेळी हे पुस्तक भेट देऊ लागल्या. आपल्याकडे आहेरात एकाच वेळी चार भिंतीवरची घड्याळं आली तर आपण ती पुढच्या लग्नात फिरवतो. तिथे तीही सोय नव्हती, कारण पुढच्यालाही हेच मिळणार. १९४५ पर्यंत जर्मनीभर सव्वा कोटीच्या आसपास प्रती झाल्या होत्या. आणि युद्ध संपल्यावर चौकशी करणाऱ्या दोस्तांच्या अधिकाऱ्यांना जो तो सांगे, होतं घरात, पण वाचलं नव्हतं. इतिहासकारांनी पुढे वाचनालयांच्या नोंदी वगैरे चाळून दाखवलं, की वाचणारेही पुष्कळ होते. म्हणजे त्या देशात एक निराळाच चमत्कार झाला होता. बाकी जगात लोक न वाचलेलं पुस्तक वाचल्याचं सांगतात. तिथे वाचलेलं न वाचल्याचं सांगत होते.

बरं, पुस्तकांवरून माणूस ओळखायचाच असेल तर खुद्द हिटलरच्या कपाटावरून ओळखून बघा. त्याच्याकडे सोळा हजारांवर पुस्तकं होती असा अंदाज आहे. त्यांतली बाराशेच्या आसपास आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. 'डॉन किहोते', 'रॉबिन्सन क्रूसो', 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' आणि गुलामगिरीवरची 'अंकल टॉम्स केबिन' ही त्याच्या मते जगातली थोर पुस्तकं. शाकाहारी पाककृतींचं एक फ्रेंच पुस्तक, लेखिकेच्या प्रेमळ अर्पणासह. कुणीतरी भेट दिलेला टागोरांच्या 'नॅशनॅलिझम'चा जर्मन अनुवादसुद्धा होता. राष्ट्रवादाच्या रोगावर टागोरांइतकं स्पष्ट त्या काळी कोणी लिहिलं नव्हतं, आणि ते पुस्तक बसलं होतं नेमकं तिथे! वहिनींनी ते कपाट पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, मुलगा वाचनाचा, निर्व्यसनी, मांसमच्छी खात नाही, स्थळ विचारायला हरकत नाही.

वाचावं कसं याबद्दल त्याने आपल्या पुस्तकात उपदेशही केला आहे. आपल्या मनातल्या चित्रात जे बसेल ते पुस्तकातून उचलावं, बाकीचं सोडून द्यावं, असा त्याचा आशय. टागोर वाया का गेले ते कळतं.

रविवार आला. पोहे झाले होते. डीवायएसपीसाहेब वहिनींच्या अंदाजाप्रमाणे सरळ शोकेसपाशी गेले. हात मागे बांधून त्यांनी फळी वाचली. वहिनींच्या हातातला ट्रे किंचित वाजला.

"अरे वा," साहेब म्हणाले, "हे माझ्याकडेपण आहे. वाचायचंय अजून."

वहिनींनी सोडलेला सुस्कारा स्वयंपाकघरापर्यंत गेला. पण खरं प्रकरण पुढेच होतं. आमचा दादा तीस वर्षं बँकेत होता आणि त्याने आयुष्यात हिटलरची एक ओळ वाचलेली नाही. विषय निघाल्यावर तो खुर्चीत सावरून बसला आणि म्हणाला, "काही म्हणा साहेब, माणसात दम होता. या देशाला एक हिटलरच पाहिजे. त्याशिवाय शिस्त लागायची नाही."

"अगदी!" साहेब म्हणाले. "सहा महिने द्या फक्त. सरळ होतील सगळे."

यातले 'सगळे' म्हणजे नेहमी दुसरे. आमचा दादा स्कूटर वन-वेमधून उलटी घालतो, कारण भाजी आणायला वळसा पडतो. गॅसची सबसिडी, सोसायटीचं पार्किंग आणि पाण्याची वेळ या तिन्ही विषयांवर तो अध्यक्ष, नगरसेवक आणि पंतप्रधान यांना जाहीर नावं ठेवतो. ज्या राजवटीत नेत्यावर विनोद केला म्हणून माणसं पकडली जात, तिथे दादा पहिल्या आठवड्यातच दिसेनासा झाला असता आणि वहिनी डबा घेऊन कचेऱ्या धुंडाळत फिरल्या असत्या.

"बाबा," बघण्याच्या कार्यक्रमाची नायिका शांतपणे म्हणाली, "त्याच्या पहिल्या उठावात चार पोलीस मेले होते."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. शिस्तीचा विषय तिथे संपला आणि पत्रिकेचा निघाला.

वहिनींना मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण ट्रे घेऊन त्या आत गेल्या. काळजी करायचीच तर ज्याने पुस्तक आणून सदतिसाव्या पानावर टाकून दिलं त्याची करू नका. ज्याने ते कधी उघडलं नाही आणि तरी ज्याला त्यातला माणूस हवासा वाटतो, त्याची करा. आपल्याकडे हिटलर हा माणूस कमी आणि विशेषण जास्त आहे. गणिताचे कडक सर हिटलर. सासू हिटलर. २०११ मध्ये टीव्हीवर मालिका आली, तिचं नाव 'हिटलर दीदी'. २००६ मध्ये खारघरला एक उपाहारगृह निघालं, 'हिटलर्स क्रॉस'. नाव लक्षात राहावं, एवढाच हेतू. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी जाऊन समजावलं तेव्हा ते बदललं.

मुंबईतली ज्यू मंडळी म्हटलं की अनेकांना आश्चर्य वाटतं, आणि त्याचं मला आश्चर्य वाटतं. हे बेने इस्राएल लोक आपल्या अलिबाग-पेण भागातले, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. वरळीला ज्या डॉ. ई. मोझेस रस्त्यावर आपण सिग्नलला ताटकळतो, ते मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर होते. इस्राएलला गेलेल्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. हिटलरच्या हिशेबात ही माणसंसुद्धा जगण्याच्या लायकीची नव्हती. आमच्या दादाच्या मोबाइलवर पहाटेचा गजर म्हणून आकाशवाणीची ती जुनी धून लावलेली आहे, तंबोऱ्यावर व्हायोलिन. ती ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटत नाही म्हणतो. ती वॉल्टर कॉफमन यांची. बोहेमियातला हा ज्यू संगीतकार नाझींच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही म्हणून १९३४ मध्ये मुंबईत आला आणि मुंबई आकाशवाणीवर लागला. दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बघ, हिटलर नसता तर ही धून मिळाली असती का?" काही लोकांशी वाद घालू नये, त्यांना पोह्यांची दुसरी बशी द्यावी.

जर्मनांनी या पुस्तकाचं काय केलं ते वहिनींना मी नंतर सांगितलं. युद्धानंतर हक्क बव्हेरिया सरकारकडे गेले आणि सरकारने ते छापूच दिलं नाही. २०१५ च्या अखेरीस हक्क संपले. मग म्युनिकच्या इतिहास संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये स्वतःच आवृत्ती काढली, दोन जाडजूड खंड, जवळजवळ दोन हजार पानं, साडेतीन हजारांवर टिपा. प्रत्येक थापेच्या भोवती खरं काय ते छापलेलं. किंमत ५९ युरो. सुरुवातीला चारच हजार प्रती छापल्या होत्या. वर्षभरात पंच्याऐंशी हजार खपल्या. आपल्या पदपथावरच्या आवृत्तीत एकही टीप नाही, आणि असती तरी त्या छपाईत वाचता आली नसती.

तेव्हा तुमच्याही शोकेसमध्ये हे पुस्तक असेल, तर फेकू नका आणि कव्हरही घालू नका. सबंध वाचा असंही सांगत नाही, तेवढं वैर नाही आपलं. फक्त दुसऱ्या भागातलं चौदावं प्रकरण काढा आणि भारताबद्दल काय लिहिलंय ते बघा. स्वातंत्र्यासाठी युरोपात धडपडणारी आपली माणसं त्याला बडबडे मदारी वाटली होती. भारत कुणाच्या ताब्यात असायचाच तर इंग्रजांच्याच असलेला बरा, असं त्याचं मत. १९४२ च्या मे महिन्यात सुभाषबाबू त्याला भेटले, तेव्हा या मजकुराबद्दल खुलासा करावा असं त्यांनी तोंडावर सुचवलं होतं. त्याने विषय टाळला. ते पान वाचा, शक्यतो घरात मोठ्याने, जेवायला सगळे बसलेले असताना. आणि त्यानंतरही कुणी वरण ओढता ओढता "तरी पण एक हिटलर पाहिजेच" असं म्हणालं, तर काळजीचं कारण तुमच्या ताटासमोर बसलं आहे.